न्हाण्याधुण्याचा खर्च : कोठें वांचतो व कोठें वांचत नाहीं

मृगाच्या पेरणीच्या तोंडावर घरांत रोख पैसा नसतो, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांचा आहे. बी, खत व मजुरी ह्यांचा हिशेब आपण वहींत मांडतों. परंतु न्हाणें, धुणें व दांत घासणें ह्यांसाठीं दुकानांतून येणारा माल त्या वहींत सहसा येतच नाहीं. हा पैसा दोन-पांच रुपयांच्या तुकड्यांनीं, आणि बहुधा मुलांच्या हातून जातो. म्हणून तो डोळ्यांत भरत नाहीं. उदाहरणार्थ, सहा माणसांच्या घरांत प्रत्येकानें आठवड्यांतून दोनदां केसांस दोन रुपयांची शॅम्पूची पुडी लावली, तर वर्षास ६२४ पुड्या होतात व १,२४८ रुपये खर्च होतात. ही एका जिनसेची गोष्ट झाली. साबण, धुण्याची भुकटी, मंजन व सुवासिक तेल ह्यांचे आकडे वाचकांनीं आपापल्या घरीं एक महिना टिपून पाहावे. आम्हीं ते टिपले, तेव्हां उधारीच्या वहींतील बेरीज पाहून आम्हीच ओशाळलों.

ह्यावर 'सर्व कांहीं घरींच करा' असा उपदेश करणें सोपें आहे. परंतु घरीं केलेली प्रत्येक वस्तु स्वस्त पडतेच असें नाहीं, व कांहीं वस्तु घरीं करणें हिताचेंहि नाहीं. तेव्हां एकेक बाब निराळी तपासली पाहिजे.

प्रथम केसांची बाब घेऊं. शिकेकाई ही सह्याद्रीच्या रानांतील कांटेरी वेल व रिठा हें मोठें झाड. दोहोंच्याहि फळांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पाण्यांत घुसळलें म्हणजे फेस येतो व तेलकट मळ सुटतो. रिठ्याचा गुण फळाच्या सालींत व गरांत आहे, आंतील काळ्या बियांत नाहीं. आमच्या घरीं शिकेकाईच्या शेंगा चार भाग, रिठ्याच्या साली एक भाग व वाळलेला आंवळा एक भाग, असें सर्व रात्रीं लोखंडी कढईंत भिजत घालून सकाळीं उकळतात व फडक्यानें गाळून घेतात. हा काढा दोन-तीन दिवसांत आंबतो. म्हणून लागेल तेवढाच करावा व कोरडा माल डब्यांत ठेवावा. तो डोळ्यांत गेल्यास अतिशय झोंबतो, हें लहान मुलांस न्हाऊं घालतांना विसरूं नये. तसेंच ज्यांच्या शेततळ्यांत मासे आहेत, त्यांनीं रिठ्याचें पाणी तळ्याकडे वाहूं देऊं नये. माशांस तें विषासमान आहे. ज्यांच्या बांधावर रिठा आहे, त्यांचा पुड्यांचा खर्च जवळजवळ सगळा वांचतो. सर्व माल विकत आणणारास मात्र हिशेब करूनच ठरवावें लागेल.

आतां साबण. येथें आमच्या मतें खरी नासाडी साबणाच्या किंमतींत नसून विहिरीच्या पाण्यांत आहे. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, त्या कठीण पाण्यांत चुना व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार असतात. साबण घातला कीं प्रथम त्याचा ह्या क्षारांशीं संयोग होऊन पांढरट चिकट साका बनतो, आणि क्षार संपल्यावरच फेस येतो. लिटरास ३०० मिलिग्रॅम काठिण्य असलेलें पाणी आमच्याकडे कांहीं विशेष नव्हे; भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यांत २०० पर्यंत काठिण्य इष्ट मानलें आहे व दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतलें आहे. आतां ३०० चें वीस लिटर पाणी बादलींत घेतलें, तर त्यांत सहा ग्रॅम काठिण्य आलें. आणि रसायनशास्त्राच्या हिशेबानें तेवढें काठिण्य सुमारें ३६ ग्रॅम साबण गिळून टाकतें. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसरा हिस्सा एकहि कपडा स्वच्छ होण्यापूर्वींच गेला! हेंच काम सहा-सात ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा करतो. सोडा स्फटिकांचा असल्यास सतरा-अठरा ग्रॅम घ्यावा. तो आधीं पाण्यांत विरघळवून थोडा वेळ थांबावें, साका खालीं बसूं द्यावा व मग साबण लावावा. लोकर, रेशीम व अंगाचें स्नान ह्यांस सोडा वापरूं नये. पावसाळ्यांत पागोळीचें पाणी पिंपांत धरल्यास सोड्याचीहि गरज नाहीं, कारण पावसाचें पाणी मृदु असतें. धुण्याच्या आधुनिक भुकटींत पाणी मृदु करणारीं द्रव्यें असतात, त्यामुळें हा फायदा मुख्यतः साबणाची वडी वापरणाऱ्यांस आहे.

घरीं साबण करण्याविषयीं अनेकजण विचारतात. कृति अवघड नाहीं. खोबरेल ५०० ग्रॅम व भुईमुगाचें तेल ५०० ग्रॅम ह्यांस कॉस्टिक सोडा सुमारें १५० ग्रॅम व पाणी ३३० ग्रॅम लागतें. ह्या प्रमाणांत थोडें तेल मुद्दाम शिल्लक राहतें व त्वचेस तें मानवतें. सोडा पाण्यांत हळूहळू सोडावा, सोड्यावर पाणी कदापि ओतूं नये. पाणी एकदम उसळून अंगावर येतें. भांडें स्टेनलेस स्टीलचें असावें. अल्युमिनियमचें भांडें सोडा खाऊन टाकतो व त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असल्याशिवाय आणि लहान मुलें घराबाहेर पाठविल्याशिवाय हें काम हातीं घेऊं नये. डोळ्यांत थेंब उडाल्यास निदान वीस मिनिटें पाण्याच्या धारेखालीं डोळा धरून थेट दवाखाना गांठावा. लिंबू किंवा व्हिनेगर लावीत बसूं नये. द्रावण निवाल्यावर तेलांत घालून घट्ट होईपर्यंत ढवळावें, सांच्यांत ओतावें, दुसऱ्या दिवशीं वड्या कापाव्या व चार ते सहा आठवडे हवेशीर जागीं सुकूं द्याव्या.

आमची पहिली खेप फसली, ती सोडा वाटीनें मोजल्यामुळें. तराजू काढण्याचा आळस केला आणि वड्या अशा निघाल्या कीं हाताची आग होई. शेवटीं त्या फरशी घांसण्यांत संपविल्या. सोडा व तेल हीं दोन्हीं वजनानेंच घेतलीं पाहिजेत, व तेल बदललें तर सोड्याचें प्रमाणहि बदलतें.

पण बचतीचें काय? वरील मालांतून सुकल्यावर शंभर ग्रॅमच्या सुमारें बारा वड्या होतात. वाचकांनीं एक किलो तेलाचा व सोड्याचा आजचा भाव मांडून बारा वड्यांच्या किंमतीशीं ताडून पाहावा. तेल किरकोळ भावानें विकत आणणाऱ्या देशावरच्या शेतकऱ्यास ह्यांत बहुधा कांहींच उरत नाहीं, आणि तें आम्ही स्पष्टपणें सांगतों. कोंकणांत जेथें घरचा नारळ आहे, तेथें गोष्ट निराळी. सुक्या खोबऱ्यांत शेंकडा ६० ते ६५ भाग तेल असतें, व घाणा जवळ असेल तर हा उद्योग परवडतो. इतरांनीं साबण विकतच घ्यावा, पण वेष्टण वाचून घ्यावा. त्यावर 'टीएफएम' म्हणून स्निग्ध द्रव्याचा शेंकडा आकडा असतो. पहिल्या प्रतीच्या साबणांत तो निदान ७६, दुसरींत ७० व तिसरींत ६० असतो. 'बाथिंग बार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वडींत ४० देखील चालतो. कमी आकड्याची वडी लवकर विरघळते व स्वस्त दिसूनहि महाग पडते. वडी जाळीच्या तबकांत कोरडी ठेवली तर ती जास्त दिवस टिकते, हें वेगळें सांगणें नको.

अंगास लावण्याच्या उटण्यास हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, आंबेहळद व नागरमोथा पुरेत. तें दिवाळीपुरतेंच कां ठेवावें, हें आम्हांस कळत नाहीं.

दांतांच्या बाबतींत मात्र बचतीचा मोह आवरावा. राखुंडी व विटेचा चुरा दांतांवरील कवच झिजवितात. भाजलेल्या तंबाखूची मिश्री तर मंजनच नव्हे; तें व्यसन आहे व त्यानें तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास आपल्या देशांत १९९२ सालींच बंदी झाली, तरी घरच्या तव्यावर ती अजून भाजली जाते, आणि आमच्या माताभगिनींतच तिचा प्रसार फार आहे. फ्लुओराइडयुक्त पेस्टनें दांत किडण्यास आळा बसतो. तो गुण कडुनिंबाच्या काडींत किंवा मीठ-हळदींत नाहीं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जाहिरातींतल्याप्रमाणें ब्रश भरून नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांत कांहीं ठिकाणीं भूजलांतच फ्लुओराइड अधिक असतें व त्यामुळें मुलांच्या दांतांवर डाग पडतात. तेथील वाचकांनीं आपल्या विहिरीचें पाणी तपासून घ्यावें.

ज्यांस रिठा लावावयाचा आहे, त्यांनीं बी आतांच जमवावें. त्याचें कवच कठीण असल्यामुळें पेरण्यापूर्वीं एक दिवस कोमट पाण्यांत भिजवावें, पिशवींत रोप करावें व पावसाळ्यांत बांधावर लावावें. फळ धरण्यास बरींच वर्षें लागतात. तोंवर सोड्याचा हिशेब चालूं ठेवावा.