रविवार पेठ, ऑगस्ट २०२० : सिरो सर्व्हेतला एक दिवस

सकाळी ७. मंडईच्या मनोऱ्याजवळ आमची तुकडी जमली. शीतपेटी, सुया, लाल टोपणाच्या नळ्या, संमतिपत्रे, सगळे मोजून घेतले. पुण्याच्या पाच प्रभागांत २० जुलैपासून रक्तात कोरोनाच्या अँटिबॉडी शोधणारे हे सर्वेक्षण चालू होते. महापालिकेबरोबर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि आयसर ही विज्ञान संस्था त्यात होती. आमच्या वाट्याला रास्ता पेठ-रविवार पेठ आली होती.

८.३०. बोहरी आळीच्या बाजूने वाड्यांत शिरलो. अठरा वर्षांपुढच्यांचेच रक्त घ्यायचे होते. पण जो पुढे येईल त्याची नळी भरून चालत नाही. सगळे नमुने तरुणांचेच आले, तर म्हाताऱ्यांत किती लागण झाली ते कसे कळणार?

१०. एक आजोबा खुर्चीतून उठेनात. "ताई, मला साधा खोकलाही झाला नाही. माझं रक्त कशाला?"

"आजोबा, म्हणूनच हवं. काही त्रास न होताही विषाणू येऊन गेलेला असतो. रक्तातल्या अँटिबॉडी ते सांगतात. आणि आलाच नसेल, तर तेही कळायला हवं."

त्यांनी सूनबाईंकडे पाहिले आणि बाही वर केली.

१२.३०. नळीतले रक्त गोठू द्यावे लागते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की वर पिवळसर सीरम उरते. एलायझा चाचणीच्या प्लेटवर विषाणूचे प्रथिन चिकटवलेले असते. सीरममध्ये आयजीजी अँटिबॉडी असली, तर ती त्याला धरते आणि पुढच्या रसायनांनी रंग चढतो. स्वॅबची चाचणी आजचा विषाणू शोधते, ही चाचणी होऊन गेलेली लागण सांगते.

२. डबे उघडले, तेव्हा काविळीच्या अशाच एका तपासणीचा विषय निघाला. राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुण्यातलेच १९८२ आणि १९९२ चे रक्तनमुने वयोगटांनुसार तपासले होते. कावीळ करणाऱ्या विषाणूंपैकी हिपॅटायटिस ए बहुतेकांना बालपणीच होऊन गेलेला दिसला. हिपॅटायटिस ईच्या अँटिबॉडी मुलांत थोड्याच होत्या, तरुण वयात त्यांचे प्रमाण वाढत गेले. दोन्ही विषाणू दूषित पाण्यातून येतात, तरी वयाचा आलेख वेगळा. कोणत्या वयात लागण होते हे कळले, तरच लस कधी द्यायची ते ठरवता येते.

४. सामाईक संडास असलेल्या चाळीत गेलो. घरटी माणसे किती, संडास कोणाकोणाचा, हेही अर्जात लिहिले. हे लिहिले नाही, तर रक्ताच्या आकड्याचा अर्थ अर्धाच लागतो.

६.३०. प्रत्येक नळीवरचा क्रमांक आणि अर्जावरचे वय पुन्हा ताडून पाहिले. वय चुकले, तर तो नमुना भलत्याच गटात मोजला जातो. मग पेटी प्रयोगशाळेकडे रवाना झाली.

निकाल. १७ ऑगस्टला आकडे जाहीर झाले. १,६६४ नमुन्यांपैकी ५१.५ टक्क्यांत अँटिबॉडी सापडल्या. लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, कसबा-सोमवार पेठेत ३६.१. सामाईक संडास वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, स्वतंत्र संडास असलेल्यांत ४५.३. पासष्टी ओलांडलेल्यांत मात्र ३९.८ टक्केच. म्हणजे घरोघरच्या ज्येष्ठांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तोवर लागण झालेली नव्हती आणि धोका टळलेला नव्हता. हे कळले ते त्या आजोबांसारख्यांनी हात पुढे केला म्हणून. उद्या कोणत्याही साथीत असे पथक तुमच्या दारी आले, तर घरातल्या म्हाताऱ्या आणि धडधाकट माणसांनाही पुढे बसवा.