मोडकं हिमोग्लोबिन जातं कुठे?

भिवंडीजवळच्या दापोड्यात गेलात की गोदामंच गोदामं दिसतात आणि त्यांतून ठासून भरून निघालेले ट्रक. आता असा एक ट्रक डोळ्यांसमोर आणा, ज्यात जादा टायर नाही, पाना नाही आणि वाटेत गॅरेजही नाही. तरी चार महिने तो न थांबता धावणार आहे. तुमच्या रक्तातली लाल पेशी प्रवासाला निघते ती अशीच!

ती तयार होते हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत. रक्तात येण्याआधीच ती आपलं केंद्रक टाकून देते. मग एक-दोन दिवसांत ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया जातात, नवी प्रथिनं घडवणारे रायबोसोमही जातात. उरते ती सगळी जागा हिमोग्लोबिनची, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल प्रथिनाची. एका मिलिमीटरच्या रेघेवर सव्वाशेहून जास्त पेशी ओळीने बसतील, इतकी ही पेशी लहान. तरी तिच्या पोटात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू!

पण पंचाईत अशी की, ऑक्सिजन जितका गरजेचा तितकाच खोडकर. अधूनमधून त्याची फार तापट रूपं तयार होतात आणि आसपासच्या प्रथिनांची मोडतोड करतात. नवं प्रथिन करायची सोय तर पेशीने केव्हाच टाकून दिली. मग मोडक्याचं करायचं काय?

त्यासाठी तिने एक यंत्र मात्र जपून ठेवलेलं असतं. त्याचं नाव प्रोटिअसोम. एकावर एक चार कड्या, प्रत्येक कडीत सात प्रथिनं, मध्ये पोकळी. प्रथिनं कापणारे भाग फक्त पोकळीच्या आत, बाहेर एकही नाही. तोंड इतकं अरुंद की नीट घडी घातलेलं धडधाकट प्रथिन आत शिरूच शकत नाही. मोडक्या प्रथिनाची घडी मात्र उसवलेली असते. त्याचं सुटलेलं टोक आत सरकतं आणि बघता बघता त्याचे बारीक तुकडे होतात. चांगलं कोणतं नि खराब कोणतं हे दारातच ठरतं! मला याचं फार अप्रूप वाटतं.

कोवळ्या लाल पेशींत आणखी एक सोय असते. खराब प्रथिनाला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन खूण म्हणून चिकटवायचं, की प्रोटिअसोम त्याला गाठतो. ही युक्ती सापडली सशाच्या कोवळ्या लाल पेशींत. त्याबद्दल चिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मोडतोडच फार झाली, तर हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होऊन पेशीच्या भिंतीला आतून चिकटतात. त्यांना हाइन्झ पिंड म्हणतात. पेशी प्लीहेतल्या अरुंद फटींतून अंग चोरून जाते, तेव्हा तिथल्या भक्षक पेशी तेवढी गुठळी खुडून घेतात आणि पेशी पुढे जाते.

अशी पाळी सहसा येऊ नये म्हणून पेशीत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम राखणदारी करतं. काहींच्यात ते जन्मतःच कमजोर असतं. त्याच्या एका प्रकाराचं नाव भिवंडीच्या शेजारच्या शहरावरून पडलंय. जी-सिक्स-पीडी कल्याण! १९८४ साली एका कोळी कुटुंबात तो सापडल्याची नोंद झाली. पुढे १९९२ मध्ये कळलं की ‘कल्याण’ आणि ‘केरळ’ हे प्रकार मुळात एकच. या एन्झाइममधल्या ५१५ अमिनो आम्लांपैकी फक्त ३१७वं बदललेलं! ज्यांचं हे एन्झाइम कमजोर आहे, त्यांना मलेरियावरचं प्रायमाक्विन बाधू शकतं, म्हणून ते देण्याआधी डॉक्टर रक्त तपासून घेतात. नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटीसुद्धा अशा तान्ह्या बाळाला धोक्याची. त्याच्या लाल पेशी भराभर फुटू शकतात.

साधारण १२० दिवसांनी भक्षक पेशी थकलेली लाल पेशी अख्खीच गिळतात. तिचं लोह नव्या पेशींसाठी परत जातं, प्रथिनांचे तुकडेही वापरात येतात. हिमोग्लोबिनमधल्या लाल रंगद्रव्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. हे तुम्हाला उघड्या डोळ्यांनी बघता येतं. गुडघा आपटला आणि कातडीखाली रक्त साकळलं, तर तो डाग रोज निरखा. आधी काळानिळा, काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळा!