उचललेला कचरा जातो कुठे?

देशात २०२०-२१ मध्ये रोज १,६०,०३९ टन घनकचरा तयार झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार ७९,९५६ टनांवर प्रक्रिया झाली आणि २९,४२७ टन क्षेपणभूमीत गेला. उरलेल्या ५०,६५६ टनांचा, म्हणजे ३१.७ टक्क्यांचा, हिशेब लागत नाही.

या तुटीतला ७,२८९ टन कचरा उचललाच गेला नाही. बाकीचा ४३,३६७ टन उचलला गेला, पण ना प्रक्रियेत दिसला, ना क्षेपणभूमीत. म्हणजे ८६ टक्के तूट कचरा गाडीत चढल्यानंतरची आहे.

ही तूट भरायला कृत्रिम बुद्धिमत्ता कितपत कामी येईल? घंटागाडीचा मार्ग ठरवायला, कुंडी कधी भरेल याचा अंदाज बांधायला ती वापरता येते. त्यात डिझेल वाचते. पण संकलन त्या वर्षी आधीच ९५.४ टक्के होते. ते १०० टक्के झाले असते आणि तो सगळा कचरा प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचला असता, तरी तूट १४ टक्क्यांनीच घटली असती.

दुसरा वापर वर्गीकरणाचा. पट्ट्यावरची बाटली किंवा डबा कॅमेरा ओळखतो, हवेचा झोत किंवा यांत्रिक हात ती वस्तू वेगळी काढतो. अहमदाबादची इशित्व ही कंपनी अशी यंत्रे बनवते. मात्र जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार दक्षिण आशियातल्या कचऱ्यात ५७ टक्के वाटा अन्न व हिरव्या कचऱ्याचा आहे. ओल्यात बरबटलेला पुठ्ठा यंत्राने ओळखला तरी त्याला भाव येत नाही. ओला-सुका घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. यंत्राचा उपयोग त्यावर अवलंबून आहे.

२०२०-२१ च्या आकड्यांची आदल्या वर्षाशी तुलना केली की विसंगती दिसते. प्रक्रिया ४७ वरून ५० टक्क्यांवर गेली. क्षेपणभूमीतला वाटा २७ वरून १८.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा वाटते; पण हिशेबाबाहेरचा कचरा २६ वरून ३१.७ टक्क्यांवर पोचला. राज्यांतही अंतर आहे: महाराष्ट्रात सुमारे दोन-तृतीयांश कचऱ्यावर प्रक्रिया झाली, पश्चिम बंगालमध्ये ५ टक्क्यांहून कमी.

त्यामुळे पालिकांनी पहिला खर्च वजनकाट्यावर करावा. निघालेले आणि पोचलेले वजन गाडीच्या क्रमांकासह रोज जुळवायचे आणि न जुळणारी खेप त्याच दिवशी दाखवायची, हे काम संगणकाला जमते. कॅमेऱ्याची निविदा त्यानंतर काढावी.