मनाचे आघात आणि नव्या औषधांची चर्चा

मुकुटबन व झरी-जामणी तालुक्यातील कापूस पिकवणाऱ्या गावांना शेतकरी आत्महत्येचे दुःख अपरिचित नाही. पती गेल्यावर वर्षे लोटतात; तरीही फवारणीच्या औषधाचा वास येताच एखाद्या विधवेची छाती धडधडू लागते, तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो, रात्र जागून काढावी लागते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. ही श्रद्धेची उणीव नव्हे.

या विकारावर एमडीएमए या मादक द्रव्याच्या साहाय्याने उपचार करता येतात, असे वाचून अनेक भाविक आम्हांला त्याविषयी विचारतात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

या द्रव्याने भीतीची तीव्रता काही तास ओसरते व जी आठवण उच्चारणेही अशक्य होते, ती रुग्ण समुपदेशकासमोर बोलू शकतो. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत हे औषध सुमारे महिन्याच्या अंतराने तीन वेळा दिले गेले. प्रत्येक बैठक सुमारे आठ तासांची होती, आणि तिच्या आधी व नंतर संवादाच्या स्वतंत्र बैठका होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांत विकाराची लक्षणे निदानाच्या निकषांखाली आली. परंतु ज्यांना औषधाऐवजी निरुपद्रवी गोळी व तोच संवाद मिळाला, त्यांच्यापैकीही सुमारे ४८ टक्के रुग्णांत तसेच घडले! आमच्या मते या दुसऱ्या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. धीराने ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे सामर्थ्य त्यातून दिसते.

आपल्याला औषध मिळाले की नाही, हे बहुतेक रुग्ण ओळखत असल्याने निष्कर्षांविषयी शंका राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या उपचारास मान्यता नाकारली. ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञ ते देऊ शकतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एमडीएमए बाळगणे गुन्हा आहे. शिवाय त्याने रक्तदाब व हृदयाची गती वाढते. चोरट्या मार्गाने आणलेली गोळी घरी घेणे हा उपचार नव्हे, जिवाशी खेळ आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९१ व्या परिच्छेदात मादक द्रव्यांचे सेवन गंभीर अपराध ठरवले असून केवळ वैद्यकीय उपचाराचा अपवाद केला आहे. याच ग्रंथाच्या २२८३ व्या परिच्छेदात, आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे म्हटले आहे. ‘माझ्या धन्याला सद्गती मिळेल का?’ असे विचारणाऱ्या भगिनीला हे आवर्जून सांगितले पाहिजे. पापनिवेदन संस्काराने पापक्षमा लाभते. आघाताच्या उपचारासाठी मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे जावे आणि धर्मगुरूंनीच तिला तसे सुचवावे.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सेवा मिळते. तेथवर जाणे जमत नसेल, तर टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीत बोलता येते.