लहानपणची स्वच्छता आणि आतड्यांची सूज: खरं किती, गैरसमज किती?

शौचातून रक्त पडतंय, दिवसातून पाच-सहा वेळा पळावं लागतंय, पोटात मुरडा येतोय, वजन उतरतंय. घरात मात्र ‘मूळव्याध असेल’, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सब्जाचं पाणी आणि इसबगोल चालू. असे महिनेच्या महिने गेल्यावर कुणीतरी पोटाच्या डॉक्टरकडे नेतं, दुर्बिणीची तपासणी होते आणि एक लांबलचक नाव समोर येतं: इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. डॉक्टर त्याला थोडक्यात आयबीडी म्हणतात. साध्या भाषेत, आतड्यांना येणारी आणि वारंवार परतणारी सूज.

मग घरातला पहिला प्रश्न, ‘हे झालं कशामुळे?’ मोबाइलवर याचं एक तयार उत्तर फिरत असतं: मुलाला फार स्वच्छ वाढवलं, मातीत खेळू दिलं नाही, म्हणून झालं. या उत्तरात थोडं सत्य आहे आणि बराच गोंधळ आहे. हा गोंधळ साधा नाही. त्यावर विसंबून एखाद्या घरात हात धुण्यात ढिलाई झाली, पाणी न उकळता दिलं गेलं किंवा लस टाळली गेली, तर किंमत तान्ह्या बाळाला मोजावी लागेल. म्हणून हा विषय जरा सविस्तर पाहू.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि रक्त पडतं. क्रोन्स डिसीजमध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते आणि ती आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते. हे दुसरं नाव न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन यांच्यावरून पडलं. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. आयबीएस नावाचा आजार मात्र वेगळा. त्यातही पोट बिघडतं, पण आतड्याला जखमा होत नाहीत आणि रक्त पडत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गल्लत करतात.

आयबीडीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यातल्या जीवाणूंशी नको इतकी भांडू लागते. आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगाचे असतात. निरोगी शरीर त्यांना ओळखतं आणि सोडून देतं. या आजारात ती ओळख बिघडते. काही जणांत त्यामागे आनुवंशिक कल असतो. पण एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. म्हणजे उरलेला वाटा बाहेरच्या गोष्टींचा: राहणीमान, अन्न, औषधं, लहानपण.

बाहेरच्या गोष्टी किती मोठ्या आहेत, हे स्थलांतर केलेल्या कुटुंबांत दिसतं. हा मजकूर वाचणाऱ्या अनेकांचे नातेवाईक आखातात, ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात आहेत, म्हणून हे खास सांगण्यासारखं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात स्थलांतरितांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असं दिसलं की माणूस जितक्या लहान वयात तिथे पोहोचला, तितका त्याचा आयबीडीचा धोका जास्त. आणि दक्षिण आशियातून गेलेल्यांची जी मुलं तिथेच जन्मली, त्यांचा धोका जवळपास स्थानिक मुलांइतकाच निघाला. रक्त तेच, फक्त लहानपण दुसऱ्या देशात गेलं. पण हा आजार परदेशातलाच आहे असंही समजू नका. पंजाबमध्ये लुधियाना भागात घरोघरी जाऊन सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी झाली होती. २००३ साली छापलेल्या त्या अहवालात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे सुमारे ४४ होतं.

आता स्वच्छतेकडे येऊ. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५८ साली जन्मलेल्या १७ हजारांहून जास्त मुलांची माहिती तपासली. ज्या घरात भावंडं जास्त, विशेषतः वरची भावंडं जास्त, तिथल्या मुलांना गवतज्वराची ॲलर्जी कमी होती. त्यांचा अंदाज असा की मोठी भावंडं शाळेतून, रस्त्यावरून जंतू घरी आणतात आणि धाकट्याची प्रतिकारशक्ती त्यातून घडते. पुढे याच विचाराला ‘हायजीन हायपोथिसिस’, म्हणजे स्वच्छतेचा सिद्धांत, असं नाव पडलं. हा सिद्धांत सुरू झाला ॲलर्जीपासून. आतड्यांचा संबंध नंतर आला.

१९९४ मध्ये इंग्लंडच्याच संशोधकांनी आयबीडीच्या रुग्णांना लहानपणच्या घराबद्दल विचारलं. घरात गरम पाण्याचा नळ होता का? न्हाणीघर स्वतंत्र होतं का? क्रोन्सच्या रुग्णांमध्ये अशा सोयी असलेल्या घरांत वाढलेले लोक निरोगी लोकांपेक्षा बरेच जास्त निघाले. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र असा संबंध दिसला नाही. गरम पाण्याच्या नळाची ही गोष्ट नंतर जगभर सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते.

पण पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. २०११ ते २०१३ या काळात आशियातले देश आणि ऑस्ट्रेलिया इथल्या नव्या रुग्णांचा असाच अभ्यास झाला. त्यात आशियाई लोकांमध्ये लहानपणी घरात गरम पाण्याचा नळ आणि फ्लशचा संडास असणाऱ्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका उलट कमी दिसला. नळ तोच, निकाल उलटा! मग नळावर खापर कसं फोडायचं? मला वाटतं, यातून एकच निष्कर्ष निघतो. नळ, संडास, न्हाणीघर या फक्त खुणा आहेत. त्या खुणांमागे कुटुंबाचं उत्पन्न, घरातली माणसं, ताटातलं अन्न आणि औषधांची सवय असं बरंच काही दडलेलं असतं, आणि ते प्रत्येक देशात सारखं नसतं.

म्हणूनच आज अनेक शास्त्रज्ञ ‘अस्वच्छता चांगली’ असं म्हणत नाहीत. लंडनचे ग्रॅहम रूक यांनी ‘जुने मित्र’ अशी कल्पना मांडली. माणसाच्या शरीराला ओळख हवी असते ती माती, जनावरं, आईची त्वचा, आईचं दूध आणि घरातली माणसं यांच्याकडून येणाऱ्या निरुपद्रवी जीवाणूंची. कॉलरा, टायफॉइड, गॅस्ट्रो यांच्या जंतूंची नाही. गटाराचं पाणी पोटात गेल्याने प्रतिकारशक्ती घडत नाही, बाळ आजारी पडतं. जुलाबाने आपल्या देशात आजही लहान मुलं दगावतात. वुजूची सवय असो, जेवणाआधी हात धुणं असो की संडासनंतर पाण्याने स्वच्छता, या गोष्टींमुळे आयबीडी होतो असं कुठल्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही. साबण आणि पाणी पुरेसं आहे. घरभर दिवसातून तीनदा जंतुनाशक फवारायची मात्र गरज नाही.

जनावरांचा मुद्दाही असाच आहे. जर्मनीत एका अभ्यासात, ज्या बाळांचा पहिल्या वर्षात गोठ्याशी आणि शेतातल्या जनावरांशी नियमित संबंध आला, त्यांच्यात पुढे आयबीडी कमी आढळला. कॅनडातही पहिली पाच वर्षं खेड्यात गेलेल्या मुलांना धोका कमी दिसला. कोकणात गावी घर असेल, कोंबड्या-शेळ्या असतील, तर सुट्टीत नातवंडांना तिथे मोकळं खेळू द्या, उत्तमच. पण बकरी ईदच्या आधी चार दिवस दारात बकरा बांधला म्हणून हे संरक्षण मिळेल असं काही नाही.

पहिली दोन-तीन वर्षं एवढी महत्त्वाची का? कारण त्या काळात आतड्यात जीवाणूंची वस्ती बसत असते. साधारण तीन वर्षांनंतर ती मोठ्या माणसासारखी स्थिर होऊ लागते. याच काळात प्रतिकारशक्ती कुणाला सोडायचं आणि कुणाशी लढायचं हे शिकते. शिकवणी चालू असताना वर्गच रिकामा केला तर काय होईल? अँटिबायोटिकचा प्रश्न नेमका हाच आहे.

डेन्मार्कमध्ये १९९५ ते २००३ दरम्यान जन्मलेल्या ५ लाख ७७ हजार मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत आयबीडीचं प्रमाण पावणेदोन पटीहून जास्त आलं, आणि हा संबंध मुख्यतः क्रोन्सशी होता. ऐकायला भीती वाटते. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही बघा: एवढ्या सगळ्या मुलांत त्या काळात आयबीडी झाला फक्त ११७ जणांना. म्हणजे एकेका मुलाचा धोका फारच छोटा. शिवाय आजार आतून सुरू झालेला असतो, पोट बिघडतं आणि म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं, असंही काही मुलांत झालं असेल. वर सांगितलेल्या आशियातल्या अभ्यासात तर अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये आजार कमी दिसला. तेव्हा न्यूमोनिया झालेल्या मुलाचं औषध या लेखामुळे कुणी बंद करू नये. अडचण आहे ती सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्ट्रिपची, मागच्या वेळी उरलेल्या सिरपची, ‘शेजारच्या मुलाला याच गोळीने बरं वाटलं’ या सल्ल्याची. विषाणूमुळे झालेल्या सर्दीला अँटिबायोटिक लागूच पडत नाही.

आईच्या दुधाबाबत मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. आशियातल्या त्या अभ्यासात बारा महिन्यांहून जास्त काळ दूध प्यायलेल्यांना दोन्ही प्रकारांचा धोका खूप कमी दिसला. सूरह बकरामध्ये दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे हे घरोघरी माहीत असतं, पण सहा महिन्यांत डबा आणायची घाई आपल्याकडेही होते. ज्या आईला दूधच कमी आलं किंवा जिचं सिझेरियन झालं, तिला मात्र कुणी बोल लावू नये. सिझेरियनबद्दलचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

अन्नाचं बोलायचं तर २१ देशांतल्या १ लाख १६ हजार प्रौढांच्या अभ्यासात भारतही होता. रोज पाच किंवा जास्त वेळा पाकीटबंद, कारखान्यात तयार झालेले पदार्थ खाणाऱ्यांना आयबीडीचा धोका, असे पदार्थ क्वचित खाणाऱ्यांच्या सुमारे १.८ पट निघाला. चिप्स, कोल्ड्रिंक, पाकिटातली बिस्किटं, सॉसेज-सलामी यांचा त्यात समावेश. मजेची गोष्ट म्हणजे साधं मटण, चिकन, दूध यांचा असा संबंध त्या अभ्यासात दिसला नाही. त्यामुळे दावतीतल्या मटणावर आरोप नको. दुपारी मुलाच्या हातात जाणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्या मोजा. उंदरांवरच्या प्रयोगांत तर पदार्थ एकजीव ठेवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या काही रसायनांनी आतड्यातला चिकट संरक्षक थर बिघडलेला दिसला. माणसांत हे कितपत घडतं ते अजून तपासलं जातंय. डाळी, भाज्या, ज्वारी-नाचणीची भाकरी यातल्या तंतूंवर मात्र चांगले जीवाणू जगतात, आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारे पदार्थ तयार होतात.

सिगारेटने क्रोन्सचा धोका वाढतो आणि झालेला आजार बिघडतो. सिगारेट सोडल्यावर काहींना अल्सरेटिव्ह कोलायटिस होतो, हेही खरं. पण त्यासाठी ओढत राहणं म्हणजे छातीवर दुसरं दुखणं घेणं.

दोन अफवांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पहिली लसीची. ब्रिटनचे अँड्र्यू वेकफिल्ड यांनी नव्वदच्या दशकात गोवराचा विषाणू आणि गोवराची लस यांचा संबंध आतड्यांच्या सुजेशी जोडला होता. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही, आणि लसीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा त्यांचा १९९८ चा प्रसिद्ध लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. गोवर स्वतः मात्र खरा आहे. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे त्याची साथ आली आणि मुलं गेली. दुसरी अफवा जंतांची. पोटातले जंत प्रतिकारशक्तीला शांत ठेवतात म्हणून डुकराच्या जंताची अंडी रुग्णांना देऊन पाहिली गेली. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत आशा दिसली, मोठ्या प्रयोगांत ती मावळली. तेव्हा अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंताची गोळी मुलांना जरूर द्या.

आता ज्यांच्या घरात त्रास सुरू आहे त्यांच्यासाठी. रक्त, तीन-चार आठवड्यांहून लांबलेले जुलाब, रात्री झोपेतून उठवणारा मुरडा, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा होणारा फोड, मुलाची खुंटलेली उंची: यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून दाखवा. मुली आणि सुना लाजेपोटी हे सांगतच नाहीत, म्हणून आईने किंवा सासूने स्वतःहून विचारावं. गरज वाटली तर लेडी डॉक्टरकडे न्यावं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, त्यातून आतड्यात सूज आहे का याचा अंदाज येतो. पण नक्की निदान दुर्बीण आणि तुकड्याच्या तपासणीनेच होतं.

आपल्या देशात एक पेच आणखी आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की अनुभवी डॉक्टरही अडतात. टीबी असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी भडकू शकतो. त्यामुळे डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन पाहतो म्हणाले, तर त्यांना काही कळत नाही असा अर्थ काढू नका.

रमजानमध्ये असे रुग्ण रोजे ठेवण्यासाठी औषधं परस्पर बंद करतात, विशेषतः स्टेरॉइड. ते अचानक थांबवणं धोक्याचं आहे. आजार शांत असेल तर डॉक्टर सहरी आणि इफ्तारच्या वेळेनुसार डोस बसवून देऊ शकतात. रक्त पडत असेल, जुलाब चालू असतील, तर आजारी माणसाला शरीयतने सवलत दिलेली आहे. शाबानमध्येच डॉक्टरांची वेळ घ्यावी, म्हणजे डोस बदलून पाहायला काही दिवस हातात राहतात.