पर्यटक-निवासाचे छायाचित्रण : आकर्षण आणि प्रामाण्य

बाजारात धान्य घेणारा मनुष्य ते मुठीत घेऊन पारखतो. कापड घेणारा त्याचा पोत बोटांनी चाचपतो. परगावी राहण्यासाठी घर किंवा खोली भाड्याने घेणाऱ्यास मात्र ही सोय नसते. पंजाबातून नांदेडास निघणारे कुटुंब खोली आधी ठरविते आणि प्रत्यक्ष पाहते ते नंतर. वस्तूचे गुणदोष विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात, अशा बाजारात चांगल्या वस्तूलाही योग्य किंमत मिळत नाही व ती हळूहळू बाजारातून बाहेर पडू लागते, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. पर्यटक-निवासाच्या व्यवहारातही माहितीचा हाच असमतोल असतो. तो कमी करण्याचे एक साधन म्हणजे छायाचित्र होय. व्यावसायिक छायाचित्रणाचे मूल्यमापनही याच कसोटीवर करावयास हवे.

या साधनाचे आर्थिक महत्त्व न्यूयॉर्क शहरातील एका प्रयोगाने ठळकपणे पुढे आले. घरगुती निवासांचे आरक्षण करून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीच्या संस्थापकांना २००९ मध्ये असे आढळले की, तेथील घरमालकांनी दिलेली चित्रे अंधुक व अपुरी आहेत. त्यांनी कॅमेरा भाड्याने घेतला आणि घरोघर जाऊन छायाचित्रे काढली. त्यानंतर आठवड्याचे सुमारे २०० डॉलरचे उत्पन्न लवकरच दुप्पट झाले, असे संस्थापकांचे कथन आहे. पुढे कंपनीने व्यावसायिक छायाचित्रकार पुरविण्याची योजनाच सुरू केली. शुनयुआन झांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,४२३ निवासांची १६ महिन्यांची माहिती घेऊन या योजनेचा परिणाम तपासला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कंपनीच्या छायाचित्रकारांची चित्रे असलेल्या निवासांना इतरांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक वापर लाभल्याचे आढळले.

कुशल छायाचित्रकार नेमके काय करतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. मानवी डोळा अंधाऱ्या खोलीतील कोनाडा आणि खिडकीबाहेरचे ऊन ही दोन्ही एकाच वेळी सामावून घेतो. कॅमेऱ्यास ते सहसा साधत नाही. म्हणून एकाच जागेवरून कमीअधिक प्रकाशाची अनेक चित्रे घेऊन ती एकत्र केली जातात. कॅमेरा तिपाईवर समतल ठेवला, तर भिंती वर जाताना आत झुकलेल्या दिसत नाहीत. भिंगाची निवड त्याहून महत्त्वाची. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचे दृश्य घेते, तर १६ मिलिमीटरचे भिंग सुमारे ९७ अंशांचे. लहान खोली एका चित्रात सामावण्यासाठी दुसरे भिंग उपयुक्त असते. परंतु त्यामुळे जवळच्या व दूरच्या वस्तूंतील अंतर वाढल्यासारखे भासते आणि दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी वाटू लागते. याच ठिकाणी माहिती देणारे साधन दिशाभूल करणारे बनू शकते.

या दिशाभुलीची किंमत अखेर घरमालकासच मोजावी लागते. झांग व त्यांच्या सहकाऱ्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, उत्कृष्ट चित्रे तत्काळ ग्राहक आणतात, पण त्याबरोबर अपेक्षाही वाढवितात. घर त्या अपेक्षेस उतरले नाही, तर असमाधान पदरी पडते व पुढील मागणी घटते. यास्तव सामान्य प्रतीच्या घरास मध्यम प्रतीची चित्रेच दीर्घकाळात अधिक लाभदायक ठरू शकतात.

मराठवाड्यात या निष्कर्षास विशेष अर्थ प्राप्त होतो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये नांदेड येथे देहावसान झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शीख धर्मीयांच्या पाच तख्तांपैकी एक. त्याच जिल्ह्यात माहूरची रेणुकादेवी आहे. येथे येणारा पाहुणा बहुधा यात्रेकरू असतो आणि त्याच्यासोबत वडीलधारी मंडळी असतात. पायऱ्या किती, न्हाणीघर कसे, दारासमोर गाडी उभी राहते काय, हे त्याचे प्रश्न. फुलदाणीचे सुरेख चित्र त्यांस उत्तर देत नाही. जिन्याचे साधे चित्र देते.

लातूर जिल्ह्यातील प्रश्न अधिक गंभीर आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतावर पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायास चालना मिळाली. शहरी पाहुण्यास जाड दगडी भिंतींचे, उन्हाळ्यात गार राहणारे माळवदाचे घर मोहविते. चित्रात ते खुलूनही दिसते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या अशाच भिंती आणि मातीची जड छपरे कोसळल्यामुळे. भिंतीच्या आत काय आहे, तिच्या दोन थरांना जोडणारे आडवे दगड आहेत की नाहीत, हे कोणत्याही भिंगास दिसत नाही. पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. चकचकीत नळाचे चित्र त्या नळास पाणी केव्हा येते, हे सांगत नाही.

यावरून छायाचित्राची मर्यादा व तिच्यावरील उपाय दोन्ही स्पष्ट होतात. खोलीचे प्रत्यक्ष मोजमाप चित्राखाली लिहावे. प्रवेशद्वार, जिना व न्हाणीघर यांची चित्रे वगळू नयेत. चित्रणासाठी बाहेरून आणलेले सामान पाहुण्यासाठी नसेल, तर ते चित्रात ठेवू नये. जे दिसू शकत नाही, म्हणजे बांधकामाची तपासणी आणि उन्हाळ्यातील पाण्याची तजवीज, ते शब्दांत नमूद करावे. जुन्या माळवदाच्या बाबतीत तर छायाचित्रकाराच्या आधी अभियंत्यास बोलाविणे श्रेयस्कर. कारण चित्र पाहून येणारा पाहुणा रात्री त्याच छपराखाली निजणार असतो.