समजून घ्या : दिवसातून दोनदा भरणारा खंदक! अलिबागचा कुलाबा किल्ला इंग्रजांना का जिंकता आला नाही, आणि सहलीला जाताना तिथी का पाहावी?

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. इथले बहुतेक पाणी गोदावरीतून वाहत जाते तेही पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. त्यामुळे शाळेची सहल किंवा घरची मंडळी अलिबागला निघाली, की अनेकांना भरती-ओहोटी पहिल्यांदाच दिसते. किनाऱ्यावरून समोरच्या किल्ल्यात कोरड्या वाळूतून चालत जाता येते आणि काही तासांनी त्याच वाटेवर होडी चालते. ही केवळ गंमत नाही. याच पाण्याने मराठ्यांचे आरमार राखले आणि याच पाण्यात बेसावध पर्यटक अडकतात.

किल्ला कोणी बांधला?
छत्रपती शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस, १६८० मध्ये, कुलाबा किल्ल्याचे काम सुरू केले. ते छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. १७१३ मध्ये पेशवा बाळाजी विश्वनाथ यांच्याशी झालेल्या तहानंतर किल्ला सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याकडे आला आणि त्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आंग्र्यांचा परवाना घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या इंग्रजांना तो मान्य नव्हता.

१७२१ मध्ये काय झाले?
इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्रजी युद्धनौका समुद्रातून आणि पोर्तुगीज फौज जमिनीवरून, असा दुहेरी हल्ला ठरला. किल्ला पडला नाही. कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशवे फौज घेऊन आले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या सुरुवातीला मराठ्यांशी वेगळा तह केला, इंग्रजांना रिकाम्या हाताने परतावे लागले आणि अपयशाचे खापर त्यांनी पोर्तुगीजांवर फोडले.

यात समुद्राचा वाटा कोणता?
शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील परांड्याचा भुईकोट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खंदक ठाऊक आहे. कुलाब्याचा खंदक म्हणजे समुद्रच, दिवसातून दोनदा भरणारा आणि दोनदा रिकामा होणारा. भरतीत पायदळाला वाट नाही आणि ओहोटीत मोठ्या जहाजांना पाणी पुरत नाही. इंग्रजांची खोल बुडाची जहाजे उथळ किनाऱ्याजवळ आणणे धोक्याचे होते. मराठ्यांची गुराबे आणि वल्ह्यांवर चालणारी गलबते मात्र उथळ पाण्यातही सहज फिरत.

ओहोटीची वेळ कशी काढायची?
भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी सोपा हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

• चतुर्थी : भरती ३ वाजता, ओहोटी ९ च्या सुमारास.
• अष्टमी : भरती ६ वाजता, ओहोटी १२ च्या सुमारास.
• पौर्णिमा, अमावस्या (१५) : भरती सव्वाअकराच्या पुढे, ओहोटी सकाळी व संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास.

म्हणजे पौर्णिमेला रात्रभर प्रवास करून दुपारी पोहोचलेल्या सहलीला किल्ला चहूबाजूंनी पाण्यातच दिसणार. आणखी एक बाब लक्षात ठेवावी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढते, पण ओसरतेही कमी. म्हणून वाट पूर्ण कोरडी होईलच असे नाही. हा हिशेब तासाभराने चुकू शकतो. त्यामुळे नेमकी वेळ मोबाइलवर भरतीच्या वेळापत्रकात पाहावी आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना विचारावी.

लोक अडकतात कसे?
ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी हळू चढते, म्हणून ‘अजून वेळ आहे’ असे वाटते. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वात वेगाने चढते. सखल भाग आधी भरतात, त्यामुळे पायाखाली कोरडी वाळू असली तरी परतीची वाट पाण्याखाली गेलेली असू शकते. पूर्ण ओहोटीच्या आधी निघावे आणि पाणी चढू लागताच परतावे. पाणी चढले असेल तर पोहत किंवा धावत येण्याचा प्रयत्न करू नये, किल्ल्यातच थांबावे. गाडी वाळूत घालू नये. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेतच टाळावा.

आत काय पाहावे?
सिद्धिविनायकाचे मंदिर, खाऱ्या पाण्याच्या वेढ्यातली गोड्या पाण्याची विहीर, तटावरच्या इंग्रजी बनावटीच्या तोफा आणि शेजारचा छोटा सर्जेकोट. १७२९ मध्ये निधन पावलेल्या कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. मुंबईतील नौदलाचा ‘आयएनएस आंग्रे’ हा तळ त्यांचेच नाव चालवतो.

सहलीची तारीख ठरवताना आधी कॅलेंडरवरची तिथी पाहावी. आंग्र्यांचे आरमारही याच पाण्याच्या वेळा सांभाळून चालत होते.